बदकाचं पान

बाईंनी घरून आणलेल्या पुस्तकात कोंबडी हंबरायची, गाय अंडं घालायची आणि पहिलीचा अख्खा वर्ग पोट धरधरून हसायचा. बाई सगळ्यांचे आवाज काढायच्या. बदक आलं की मात्र हमखास दोन पानं एकदम उलटायच्या.

आज बाई हजेरी घेत असताना वर्गातल्या चिमणी नावाच्या चोंबड्या पोरीने ते पान शोधून काढलंच. बदकावर जांभळ्या मेणखडूच्या रेघोट्याच रेघोट्या!

"बाई, पुस्तकाची पार वाट लावलीये कुणीतरी! चांगलं ओरडा त्याला!"

 

"ओरडले होते गं, खूप," रेघोट्यांवरून बोट फिरवत बाई म्हणाल्या. "माझं पोर गेलं, तेव्हापासून घरातल्या एकाही भिंतीवर रेघ उमटली नाही."