पृथ्वीचं सरकणं

“यापुढे माझ्याच्यानं येणं होणार नाही,” तो म्हणाला, तेव्हा ती अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलत होती. त्यांच्या साखरपुड्याला चार वर्षे लोटली होती. दर रविवारी एसटीने तोच यायचा. ती त्याच्या गावी एकदाही गेली नव्हती.

“ही उशी लाव पाठीशी,” ती म्हणाली. त्याने लावली.

“कॉलेजात शिकवताना परवा अकरावीच्या मुलांना विचारलं,” ती पुढे म्हणाली, “नारळ खाली पडताना कोण कोणाला जास्त ओढतं? सगळे ओरडले, पृथ्वी!”

“मग? चुकलं काय त्यांचं?”

“ओढ दोघांची सारखीच असते रे. नारळ हलका, म्हणून त्याचं येणं दिसतं. पृथ्वीही सरकते त्याच्याकडे. पण डोंगर-समुद्र अंगावर घेऊन सरकणार ती केवढंसं?” तिचा थकलेला आवाज विरून गेला.

संध्याकाळी तो निघाला, तेव्हा एरवी उंबऱ्यातूनच निरोप देणारी ती फाटकापर्यंत आली. आतून आईची हाक आली, “वृंदा, पाणी!” तरी ती क्षणभर फाटक धरून उभीच राहिली.

“पुढच्या रविवारी माझ्यासाठी जेवायची थांबू नकोस, ताट झाकून ठेव,” तो म्हणाला. “गाडी हल्ली फार उशिरा पोहोचते.”