सरळ बंदूक

"लेकीच्या सरावाला पॉइंट टू टूची रायफल घ्या, ताई. खरी रायफल ती," नेमबाजीच्या रेंजवरचे कोच म्हणाले.

"तिच्या एका गोळीच्या पैशात छर्ऱ्याच्या बंदुकीचे दहा बार होतात, सर. आम्हाला छर्ऱ्याचीच द्या," जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणारी आई म्हणाली.

लेकीनं नेम धरला. पहिला छर्रा काळ्या गोलाच्या डावीकडे लागला. मागे कुणीतरी हसलं.

आईच्या लगेच लक्षात आलं. स्टॉलवरची वाकड्या नळीची बंदूक उजवीकडे मारते, म्हणून पोरीला डावीकडे नेम धरायची सवय.

"बाळे, ही बंदूक सरळ आहे. मधोमध धर."

पुढचे नऊच्या नऊ छर्रे मधोमध बसले.

"हिला शिकवलं कुणी?" कोचनी विचारलं.

"वाकड्या बंदुकीनं," आई ताठ मानेनं म्हणाली.