आपण विकतो काय?

शेजारच्या कस्तुरीला घेऊन तात्या मुलाच्या खोलीत आले. "प्रफुल्ल, हिनं कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. तुझ्या कामात घे हिला."

प्रफुल्ल कमिशनवर अश्लील वेबसाइटना गिऱ्हाइकं मिळवून द्यायचा. घरच्यांना 'ऑनलाइन जाहिराती' एवढंच ठाऊक होतं.

कस्तुरी वाचून आली होती. "ट्रॅफिक म्हणजे साइटवर येणारी माणसं आणि कन्व्हर्जन म्हणजे त्यांतली पैसे भरणारी. बरोबर ना, दादा?"

"बरोबर."

"आणि आपण विकतो काय?"

तात्याही कौतुकानं त्याच्या तोंडाकडे बघू लागले. लॅपटॉप मिटत प्रफुल्ल म्हणाला, "हे तुला जमायचं नाही. दुसरीकडे बघ."

पोरीचा चेहरा उतरला. तात्यांनी तिच्यापुढे चक्क हात जोडले. "माफ कर, बाळ. चार पैसे आले आणि माझा पोरगा माणसं विसरला."

खरं सांगून टाकावं, असं प्रफुल्लच्या अगदी ओठांवर आलं. पण त्यापेक्षा माजलेला पोरगा म्हणवून घेणं सोपं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. तात्यांचे ते जोडलेले हात मात्र त्याच्यानं बघवेनात.