देव बाई असता तर

"बाप असेल तर त्या बापाला लाज वाटायला हवी," इस्त्रीवाली म्हणाली आणि चादरीवरची सुरकुती तिनं तळव्यानं सपाट केली.

खाटेच्या पलीकडे उभे असलेले उपदेशक दचकले. रोज दुपारी ते वॉर्डातून फिरायचे आणि प्रत्येक खाटेपाशी छोटीशी प्रार्थना म्हणायचे. इतर ठिकाणी लोक हात जोडायचे, डोळे टिपायचे. या कोपऱ्यातल्या खाटेपाशी मात्र रोज त्यांचीच झाडाझडती व्हायची.

"अहो आई, हळू बोला. देव सगळ्यांचा बाप आहे, एवढंच म्हणालो मी."

"हळू कशाला? त्याला ऐकू जात असेल तर बरंच की!"

खाटेवर तिशीतला एक माणूस निपचित पडला होता. ट्रकनं उडवलेला. डोक्याला पट्ट्या, नाकात नळी, डोळे मिटलेले. त्याला इथं आणल्यापासून ही बाई त्याच्या उशाशी होती. भर बाजारातलं इस्त्रीचं दुकान बंद करून आली होती. "तुमचाच ना हो हा?" असं सिस्टरनं घाईघाईत विचारलं, तेव्हा "दुसरं कोण बसणार याच्यापाशी?" एवढंच ती म्हणाली होती. आणि खरंच, दुसरं कुणी फिरकलंही नव्हतं.

ती त्याची कूस बदलायची. पाठीखालची चादर आरशासारखी ताणायची, म्हणजे अंगाला जखम व्हायला नको. ओल्या कापसानं त्याचे सुकलेले ओठ भिजवायची आणि भिजवता भिजवता गुणगुणायची,

*गेलं पाखरू रानात, कुण्या झाडाच्या गं खाली,*
*वाऱ्या, तुला ठाव आहे, सांग कुठं नीज आली.*

शेजारच्या खाटेवरचे आजोबा ते ऐकताना खोकणंसुद्धा आवरायचे. "अशी आई मिळायला नशीब लागतं," सिस्टर म्हणायची.

पण आज बाईच्या ओठांवर गाणं नव्हतं. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, ताप छातीत उतरतोय. आज-उद्यात शुद्धीवर आला तर आला, नाहीतर मन घट्ट करा.

"बोलेल ना हो डॉक्टर? एकदा तरी?" तिनं त्यांची वाटच अडवली होती.

"आधी डोळे तर उघडू देत, आई."

तेव्हापासून ती नुसती धुमसत होती आणि नेमके उपदेशक तावडीत सापडले होते.

"बरं, बाप नको," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग देव बाई आहे म्हणता?"

"छे! बाई असता तर जग असं जन्माला घालून उघड्यावर टाकलं असतं का त्यानं? अहो बुवा, माझ्या दुकानात कुणाचा साधा रुमाल हरवला, तर सापडेपर्यंत मी सगळी गाठोडी सोडते. अन्नाला शिवत नाही. याची पोरंच्या पोरं हरवतात आणि हा वर खुशाल बसलाय!"

"बायकाही कठोर असतात हं. तुम्ही माझ्या सासूबाईंना पाहिलं नाही."

आजोबा खोकत हसले. बाई हसली नाही.

"हसण्यावारी नेऊ नका. मला सांगा, वाईट माणूस केलाच कशाला त्यानं?"

"त्यानं माणूस केला, आई. आणि त्याला मोकळीक दिली. चांगलं वागायचं की वाईट, हे ज्याचं त्यानं ठरवायचं."

"वा रे मोकळीक! मारणारा मोकळा. आणि जिच्यावर हात पडतो तिचं काय? तिला विचारलं होतं का कुणी?" तिचा आवाज चिरकला. कापूस पुन्हा भिजवायला तिला दोनदा भांडं चाचपावं लागलं.

उपदेशक म्हणाले, "देवाचं काम भरतकामासारखं असतं. आपल्याला उलटी बाजू दिसते, नुसते गुंते. सुलटी बाजू त्यालाच ठाऊक."

"मला कापडाचं सांगताय? जन्म गेला माझा कापडात. जळलेलं कापड दोन्ही बाजूंनी जळलेलंच असतं."

उपदेशक चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

"राग माणसाला आतून खातो, आई. ज्यानं तुमच्यावर ही वेळ आणली, त्याला क्षमा करून टाका."

"करीन की. आधी समोर येऊ दे त्याला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून बोलू दे. मग क्षमेचं बघू."

त्या थकलेल्या, तांबारलेल्या डोळ्यांकडे बघून उपदेशकांना भरून आलं. आयुष्यभर पाठ केलेली वाक्यं त्यांनी बाजूला ठेवली.

"मला उत्तर येत नाही," ते म्हणाले. "पण मागता येतं. आज बाप म्हणून नाही, आई म्हणून हाक मारतो. चालेल?"

तिनं नुसती मान हलवली.

"आई," उपदेशकांनी डोळे मिटले. आयुष्यात असं कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे जीभ अडखळली. "तूही आई आहेस. या माउलीचं दुःख तुला कळत असेल. तिच्यावर दया कर."

"माझ्यावर नको," ती कुजबुजली. "याला वाचा दे. बास."

खाटेवरच्या माणसाच्या पापण्या थरथरल्या.

"सिस्टर!" आजोबाच ओरडले.

सिस्टर धावत आली. डोळे उघडले होते. आधी छताकडे, मग खिडकीकडे, मग हळूहळू ते बाईच्या चेहऱ्यावर आले आणि तिथंच खिळले. उशाशी असलेलं यंत्र भराभर वाजू लागलं. सुकलेले ओठ हलले. नुसता श्वासाचा, पण आवाज फुटला.

"ऐकलं! बघा, ऐकलं तिनं!" उपदेशकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"आईला ओळखलं हो त्यानं!" सिस्टरनं रुमाल डोळ्यांना लावला.

बाईनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. खाली वाकून ओठ त्याच्या कानाशी नेले आणि पाळण्यातल्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"आता सांग बाळा, माझ्या लेकीला कुठं पुरलंस?"