भाजलेलं हाड

गावात हाडं बसवणाऱ्या बास्योनआजीने केळीच्या पानाची पट्टी खोबरेल तेलात बुडवली आणि फेलिसाच्या उघड्या कमरेवरून हळूहळू खाली ओढली. पान अडेल तिथे लचक. फिलिपिन्समधल्या आमच्या सामार बेटावरच्या गावात एक्स-रे तो हाच.

पान माकडहाडाच्या वर डावीकडे अडलं. मग उजवीकडेही.

"बघा," सासू तिबुर म्हणाली. "म्हणे न पडता हाड तडकलं. हाड आहे की काचेचा पेला? साधी लचक आहे. चांगलं दाबा, आजी."

फेलिसा पालथी पडून उशी मुठीत आवळत होती. तालुक्याच्या डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं. गर्भाशयाचा कॅन्सर गेला, परत आलेला नाही. पण दोन वर्षांपूर्वी किरणांचा जो शेक दिला, त्यात कमरेची हाडंही भाजली. ठिसूळ झाली, दोन्हीकडे तडे गेले. काठी धरून चालायचं, ओझं उचलायचं नाही, कुणाला चोळू द्यायचं नाही. हे तिने घरी जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने ऐकलं आणि जाळं घेऊन समुद्रावर गेला. सासूने ऐकलं आणि आजीला बोलावणं धाडलं.

आता म्हातारीला परत कसं पाठवायचं? हिनेच फेलिसाची तिन्ही बाळंतपणं केलेली. पंचाहत्तरीची बाई चिखल तुडवत आली होती. पण हाड तुटलं तर? कायमचं अंथरूण धरलं तर पोरांना कोण बघणार, ही सासू?

आजीने दोन्ही अंगठे जागेवर रोवले. "श्वास सोड, पोरी."

फेलिसाने सोडला नाही. "आजी, नको. हात जोडते, दाबू नका. शेकाने भाजलंय ते हाड. तुटेल."

तिबुरने कपाळावर हात मारला. "आता ही आजीला शिकवणार. लाज आणलीस गं."

अंगठे थोडा वेळ तिथेच राहिले. मग आजीने ते उचलले.

"कसला शेक? शहरातल्या त्या मोठ्या यंत्राखालचा?"

"हो. पंचवीस दिवस."

"धक्क्याजवळच्या दोमिंगानेही घेतला होता," आजी म्हणाली. "तिलाही इथंच दुखायचं. तीन दिवस दाबलं मी तिला."

दोमिंगा त्यानंतर उठलीच नाही. कॅन्सर परत आला, असं सगळं गाव म्हणालं होतं. आजीही तेच म्हणाली होती.

आजी घागऱ्याला हात पुसू लागली. तेल निघून गेलं तरी पुसतच राहिली.

"ती ओरडत होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, ओरडू दे, बसतंय हाड."