पुदिन्याचे दोन वाफे

"म्हंजे ह्या डब्यात औषध, अन् मारोतीच्या डब्यात नुसतं पाणी?" बाबारावांनी विचारलं.

"हो काका," प्रणिता म्हणाली. "ह्याला संजीवक म्हणतात. ह्यानं पुदिना उंच होणार नाही. पण शरीराची झीज थोपवणारी द्रव्यं पानांत वाढतील, असा माझा अंदाज आहे. खरंच वाढली का, ते पाण्याच्या वाफ्याशी ताडूनच कळेल."

बांधावर बसलेला मारोती कसनुसा हसला. "आमच्या नशिबी पाणीच काऊन, बाई?"

"चिठ्ठी तशी निघाली, काका."

प्रणिताला वाईट वाटलं. पण दोघांचे वाफे शेजारशेजारचे, एकाच विहिरीवरचे, एकाच दिवशी लावलेले. अशी जोडी तिला ह्या जैनथ गावाखेरीज कुठं मिळाली नव्हती. सगळीकडे कापूस आणि सोयाबीन.

बाबाराव विचार करत होते. "एकानं औषध माराचं, एकानं पाणी. इतकंच ना?"

"इतकंच. पण पाच सोमवार, नेमानं. डब्यातलं एक माप पंपभर पाण्यात. पाणीसुद्धा औषधासारखंच मारायचं, नाहीतर सगळं फुकट."

"हाव," ते मान डोलावून म्हणाले.

पानं तोडायला प्रणिता दर मंगळवारी आदिलाबादहून ऑटोनं यायची. एकदा सोमवारीच सकाळी आली, तर बाबाराव पाठीवर पंप घेऊन वाफ्यात वाकलेले. वय सत्तरीच्या घरात, उजवा गुडघा धरलेला. तरी एकेक फांदी हातानं उलटी करून पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा देत होते.

"इतकं बारीक कशाला, काका?"

"तूच म्हनली ना, नेमानं."

चौथ्या सोमवारी लेकीच्या गावी, तामसीला, त्यांच्या नातवाचं बारसं होतं. बाबाराव आधी वाफ्यात उतरले, फवारणी संपवली, मगच बस धरली. बारशाची पंगत उठून गेली होती. लेक पूनम दोन दिवस बोलली नाही, हे प्रणिताला मारोतीकडून कळलं. मारोतीही काही कमी नव्हता. पाण्याचा पंप मारतानासुद्धा गाणं गुणगुणायचा.

"नशीबवान आहेस," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "अशी माणसं मिळत नाहीत."

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा प्रणितानं तो तीनदा वाचला. नमुन्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा तपासल्या. चूक कुठंच नव्हती. पाण्याच्या वाफ्यातल्या पानांत ती द्रव्यं संजीवकाच्या पानांपेक्षा दीडपट निघाली होती.

तिनं सरांना फोन केला. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली, प्रणिता. आता हा विषय सोडलेला बरा."

तिनं वही मिटली. फोनवरूनही कळवता आलं असतं. पण त्या गुडघ्यानं पाच सोमवार वाफ्यात काढले होते. ती जैनथला गेली.

दोघं कडुनिंबाखाली बसून पुदिन्याच्या जुड्या बांधत होते. बाबारावांनी तिला बसायला पोतं अंथरलं, तांब्या पुढं केला. तिनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"काका, माझं संजीवक खोटं ठरलं. तुमच्यापेक्षा मारोतीकाकांचीच पानं चांगली निघाली. दीडपट." ती म्हणाली. "तुम्ही इतकं जिवापाड केलंत. मी तुम्हाला उगाच राबवलं."

मारोतीच्या हातातली जुडी सुटली. त्यानं बाबारावांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

बाबाराव मात्र हसत होते.

"उगाच काऊन, पोरी? तू डबे देऊन गेली, त्याच दिवशी आमी ते बदलून घेतले होते. मारोतीचं तोंड लय उतरलं होतं ना."