चढता सूर

बाबांची दृष्टी गेली तेव्हापासून त्यांचं ग्लायडर, ते बिनइंजिनाचं छोटं विमान, माळ्यावरच पडून होतं. लेकीने ते खाली काढलं, त्यात उंची मोजणारं एक चिमुकलं यंत्र बसवलं आणि नवा रिमोट बाबांच्या हातात ठेवला.

"विमान वर गेलं की रिमोटचा सूर चढेल, खाली आलं की उतरेल. डावं-उजवं मी सांगेन."

"आणि आपटलं तर?"

"तर पुन्हा चिकटवू."

टेकडीवरून तिने विमान सोडलं. सूर भराभर उतरू लागला, तसा बाबांचा चेहराही पडला.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली. त्यांनी अंगठा हलकेच सरकवला आणि सूर किंचित चढला.

"आता बोलू नकोस."

उन्हाने तापून वर उठणारी हवा त्यांना सापडली होती. ती तशीही कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. विमान तिच्यात घारीसारखं गोल फिरत वर निघालं. लेक मान वर करून बघत राहिली. विमानाचा ठिपका झाला, मग तो ठिपकाही उन्हात विरला.

"बाबा, मला विमान दिसत नाहीये."

"मला तरी कुठे दिसतंय?" बाबा म्हणाले. "पण ऐक ना, अजून वरच चाललंय."